लाटंबार्सेची गंगा

मांद्र्यात सगळे तिला गंगाबाय म्हणत. नदीपलीकडे सातार्ड्याला, माहेरी, ती चंद्रावती होती. आपण तिला चंद्रावतीच म्हणू, कारण ह्या गोष्टीतली गंगा दुसरीच आहे, आणि ते चंद्रावतीला कळलं तेव्हा तिला अठ्ठेचाळिसावं वर्ष लागलं होतं.

१९८७ सालच्या मार्चमधली गोष्ट. पेडण्याच्या नोंदणी कचेरीबाहेर आंब्याखाली बसायचा दगडी सोपा आहे, त्यावर ती बसली होती. शेजारी तिची मुलगी वर्षा, आणि समोर एका मोडक्या मेजापाशी कृष्णनाथबाब. पोर्तुगिजांच्या वेळी शिकलेला हा म्हातारा लोकांना जुने कागद वाचून दाखवायचा. कचेरीत तरुण कारकून आले होते, पण पोर्तुगीज वाचणारं त्यांत कोणी नव्हतं. ते जाड वही उघडून नक्कल करून देत आणि बोट दाखवत, जा कृष्णनाथबाबाकडे.

काम साधंच होतं. चंद्रावतीचा नवरा बाबाजी दिवाळीच्या आधी वारला. घर आणि घरामागचं भाट, माडांची बाग, त्याच्या नावावर. मुलगा प्रमोद याला मागच्या बाजूला, समुद्राकडे तोंड करून, दोन खोल्या काढायच्या होत्या. मांद्र्यात गोरे पाहुणे येऊ लागले होते. त्यासाठी सगळं वारसांच्या नावावर व्हायला हवं, आणि त्यासाठी आधी हवा लग्नाचा दाखला. प्रमोदला रजा नव्हती, म्हणून मायलेकी आल्या होत्या.

कृष्णनाथबाबाने चष्मा नाकावर सरकवला आणि वाचायला लागला. "बाबाजी विष्णू परब, राहणार मांद्रे. बरोबर?"

"बरोबर."

"वधू गंगा. बरोबर?"

"बरोबर."

"वधूचा बाप पांडुरंग गावस, राहणार लाटंबार्से, महाल डिचोली."

"बापाचं नाव चुकलं," चंद्रावती म्हणाली. "माझा बापूय लक्ष्मण राऊळ. सातार्ड्याचा."

म्हाताऱ्याने कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. मग चष्मा काढून मेजावर ठेवला. "चुकलं म्हणायला एखादी जागा चुकायला हवी, बाय. इथं बाप वेगळा, आई वेगळी, गाव वेगळा, जन्माचं साल वेगळं. लग्नाची तारीख अठ्ठावीस सप्टेंबर पंचावन्न. तुमचं लग्न कधी झालं?"

"वैशाखात. त्याच सालच्या. आमच्या दारात, सातार्ड्याला."

"आणि खाली वधूची सही आहे. देवनागरीत, वळणदार. 'गंगा'."

चंद्रावतीने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तिला सही येत नव्हती. कधीच येत नव्हती. रेशनाच्या दुकानापासून मतदानापर्यंत सगळीकडे ती अंगठा देत आली होती.

वर्षा कागदावर वाकली. मांद्र्याच्या मराठी शाळेत ती शिकवायची, पण त्या पानावर तिला वाचता येणारी एवढी दोनच अक्षरं होती. तिने ती बोटाने चाचपली. "म्हणजे आयेशी लग्न केल्यावर चार महिन्यांनी बाबांनी दुसरं लग्न केलं?"

"तसं मी म्हणत नाही," कृष्णनाथबाब म्हणाला. "कायद्याला देवाब्राह्मणासमोरचं लग्न ठाऊक नव्हतं. त्याला हे एकच लग्न ठाऊक. कागदाच्या हिशेबी पहिली म्हणा, दुसरी म्हणा, बायको ही एकच." मग त्याने विचारलं, "मुलाचा जन्म कधीचा?"

"अठ्ठावन."

"त्याची नोंद पण काढा."

वर्षा आत जाऊन तासाभराने दुसरी नक्कल घेऊन आली. म्हाताऱ्याने ती वाचली, आणि ह्या वेळी मोठ्याने वाचली नाही. हळू आवाजात म्हणाला, "प्रमोद. बाप बाबाजी परब. आई गंगा. आईचा बाप पांडुरंग गावस, लाटंबार्से. बाय, कागदावर हा मुलगा तुमचा नाही."

"आणि मी?" वर्षाने विचारलं.

"तू चौसष्टातली. तुझा दाखला नव्या राजवटीतला, त्यात आजोबा लिहीत नाहीत. नुसतं आई गंगा. आता कुठली गंगा, ते तुम्हीच शोधा."

चंद्रावती रडली नाही. रडण्यासाठी आधी काहीतरी समजावं लागतं. तिला फक्त एवढंच जाणवलं की घोटभर पाणी हवं. वर्षाने तिला दंडाला धरून उठवलं तेव्हा ती चालू लागली, पण उलट्या बाजूला, बसथांब्याच्या विरुद्ध.

*

तिचं गंगा हे नाव कुठून आलं, ते सांगायला हवं.

न्हयबागला नदी ओलांडली की पलीकडे सातार्डा. अलीकडे पोर्तुगीज, पलीकडे हिंदुस्थान, पण होडीत बसणाऱ्याला ते कधी जाणवत नसे. पेडणं आणि सातार्डा दोन्ही एकेकाळी सावंतवाडीच्या भोसल्यांचे. माणसं तीच, देवस्थानं एकमेकांची, भजनं तीच. सोयरिकी तर सगळ्या नदीपलीकडे. अलीकडचे लोक फक्त खिडकीला जनेल म्हणत आणि सकाळी पोदेराचा पाव खात. सोळा वर्षांची चंद्रावती होडीत बसून मांद्र्याला आली, आणि तिसऱ्या महिन्यात पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला. मग सीमा बंद झाली. नदीवर होडी दिसली तर बंदुकीचा बार निघे. पोलीस वाड्यावाड्यांवर फिरून विचारू लागले, तुमच्यात पलीकडून आलेलं कोण आहे.

एक दिवस सासू म्हणाली, "भटजीने सांगितलंय, तुझं नाव राशीला बरं नाही. आजपासून तू गंगा. आणि कोणी विचारलं तर माहेर डिचोलीकडे म्हणायचं." सून होती, मान डोलावली. दोनदा पोलीस आले. दोन्ही वेळा बाबाजीने त्यांना एक कागद दाखवला, आणि ते तिच्याकडे बघून निघून गेले. अठ्ठावन साली तिचा बाप नदीपलीकडे वारला. तिला ते आठ दिवसांनी कळलं. न्हयबागच्या काठापर्यंतही तिला जाता आलं नाही, कारण डिचोलीच्या बाईला सातार्ड्याच्या माणसाचं सुतक कसं येणार.

पुढे एकसष्टात गोव्याची मुक्ती झाली, होड्या पुन्हा सुरू झाल्या, आणि नाव मात्र तेच राहिलं. खोटं इतकंच होतं, असं ती बत्तीस वर्षं समजत होती.

आणखी एक गोष्ट तिला आता आठवू लागली. लाटंबार्से हे बाबाजीच्या मामाचं गाव. सासूचं माहेर. पण त्या घरातून कधी कोणी चवथीला आलं नाही, की इथून कोणी गेलं नाही. एकदा तिने विचारलं होतं. बाबाजी जेवत होता. हातातला घास ताटात ठेवून म्हणाला, "ती वाट आपली नव्हे." पुन्हा तिने विचारलं नाही.

*

प्रमोद घरी आला तेव्हा वर्षाने दोन्ही कागद त्याच्यासमोर ठेवले आणि सगळं सांगितलं. तो उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, "त्या बाईला काही कळवू नका. ती जिवंत असली तर कायद्याने अर्धं भाट तिचं. मी वकिलाला विचारतो."

"तू वकिलाला विचार," चंद्रावती म्हणाली. "मी तिला विचारते."

"काय विचारणार?"

"ते तिचं तोंड बघितल्यावर ठरेल."

खरं तर तिच्या मनात एकच प्रश्न होता आणि तो मुलाला सांगण्यासारखा नव्हता. बाबाजी आयुष्यभर मुळगावच्या खाणीवर ट्रक चालवत होता. सोमवारी जायचा, शनिवारी यायचा. मुळगावहून लाटंबार्से किती लांब, हे तिने शेजारच्या ट्रकवाल्याला सहज म्हणून विचारलं. "किती असणार," तो म्हणाला, "अर्धा तास." पाच दिवस तिकडे, दोन दिवस इकडे. तीस वर्षं. तेव्हापासून तिने बाबाजीच्या तसबिरीला फूल घातलं नाही.

चौथ्या दिवशी मायलेकी निघाल्या. चोपड्याच्या धक्क्यावर फेरी लागलेली होती. धक्क्याच्या भिंतीवर डांबराने कोंकणीच्या बाजूने काही लिहिलेलं, त्यावर कोणी चुना फासून मराठीच्या बाजूने लिहिलेलं, आणि त्याच्याही वर पुन्हा डांबर. फेब्रुवारीत राजभाषेचा कायदा झाला होता, पण भिंतींपर्यंत तो पोहोचला नव्हता. फेरीत दोन गृहस्थ त्यावरूनच वाद घालत होते, आणि मजा अशी की मराठीचा कैवारी कोंकणीत बोलत होता. त्याने वर्षाला विचारलं, "बाय, तू मास्तरीण दिसतेस. तूच सांग, आमची आवयभास, मातृभाषा, कुठली?"

वर्षा एरवी तासभर बोलली असती. गेल्या डिसेंबरात, रस्त्यांवर झाडं तोडून टाकली होती त्या दिवसांत, ती मोर्च्यातही गेली होती. आज ती पाण्याकडे बघत म्हणाली, "आवय कोण तेच आधी ठरू दे." गृहस्थाला काही कळलं नाही. तो हसला आणि पुन्हा आपल्या वादाकडे वळला.

चंद्रावती म्हापशाच्या पुढे कधी गेली नव्हती. शिवोलीला उतरल्यापासून दर वळणावर क्रूस, पांढरी चर्चं, घरापुढच्या बल्कांवात बसलेल्या झग्यातल्या बायका. म्हापशाहून दोडामार्गाची बस धरली, अस्नोडा मागे पडला, तशी अंगणात पुन्हा तुळस दिसायला लागली आणि खाणीच्या ट्रकांनी झाडांची पानं लाल झालेली दिसायला लागली. सकाळपासून त्या एकाच गोव्यात होत्या, आणि तरी तीन मुलूख ओलांडून आल्यासारखं वाटत होतं. ट्रक समोरून आला की चंद्रावती चालवणाऱ्याचं तोंड बघायची. ह्याच रस्त्याने बाबाजी जायचा. ह्याच रस्त्यावरून तो कुठे वळायचा, ते आता कळणार होतं.

लाटंबार्सेला थांब्यावर एक दुकान होतं. वर्षाने विचारलं, "पांडुरंग गावसांच्या गंगाबायचं घर कुठलं?"

दुकानदार पुड्या बांधत होता. "गंगाबाय? आकुंवार गंगाबाय?"

"आकुंवार?"

"लग्न न झालेली हो. ह्या गावात गंगा एकच. वर काजीत असेल आता, बोंडू वेचत. हंगाम आहे."

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. इतके दिवस चंद्रावतीने मनात एक बाई तयार केली होती. भरल्या कपाळाची, हातभर बांगड्यांची, कदाचित दोनचार मुलांची. ती बाई दुकानाच्या पायरीवरच नाहीशी झाली, आणि तिच्या जागी काय ठेवावं ते समजेना.

*

काजूच्या झाडांखाली आंबूस, उग्र वास भरला होता. एक उंच, काटक बाई टोकदार काठीने पिकून पडलेले बोंडू उचलून टोपलीत टाकत होती. कपाळ मोकळं, गळा मोकळा, हातात काचेच्या दोन काळ्या बांगड्या. तिने ह्या दोघींना चढण चढताना पाहिलं आणि काठी खाली ठेवली. आधी ती वर्षाकडे बघत राहिली.

"नाक बाबाजीदादाचं," ती म्हणाली. "तू वर्षा." मग चंद्रावतीकडे वळून, "ये वयनी. प्रमोदाला नाही आणलंस?"

वयनी. भावाच्या बायकोला म्हणतात ते. चंद्रावतीने वाटेत जे जे घोकलं होतं त्यातलं काही ह्या शब्दापुढे उभं राहीना.

"दादाने मरताना सांगितलं का तुला?" गंगाने विचारलं.

"त्याने काही सांगितलं नाही. कागदाने सांगितलं."

"असं." गंगाने पदराने हात पुसले. "बसा."

चंद्रावती बसली नाही. उभ्यानेच तिने तो प्रश्न विचारला, मुलीच्या देखत. "तो तुझ्याकडे येत होता?"

गंगाला राग आला नाही. तिने बोटांवर मोजून सांगितलं. "तीनदा आला. बत्तीस वर्षांत तीनदा. पहिल्यांदा प्रमोद झाला तेव्हा. पोलिसांनी विचारलं तर मला पोराचं नाव ठाऊक हवं, म्हणून. अंगणातूनच सांगून गेला. दुसऱ्यांदा मुक्तीनंतर. तिसऱ्यांदा माझे बाबा गेले तेव्हा. वर्षाचं नाव तेव्हाच कळलं, तेवढ्यात भावाने त्याला दारातूनच परत पाठवला."

मग तिने खाली बसून, बिया बोंडांपासून पिळून काढत, सगळं सांगितलं. हात चालूच होते.

"तुला पलीकडे परत पाठवायचं ठरलं होतं. पलीकडून आलेल्या सगळ्यांना पोलिसांनी आठ दिवस दिले होते. तुझा जन्म इकडचा नाही, तुझी नोंद नाही, तर लग्नाची नोंद कशी होणार? दादा आणि आत्या इकडे आले. आत्या म्हणजे तुझी सासू. तिने बाबांच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाली, गंगेचा जन्माचा कागद आहे, ती शाळेत गेलेली आहे, सही करते. कचेरीत जाऊन तेवढी सही करू दे. बायको म्हणून गंगेचं नाव लागेल, घरात ती पोर राहील. दंगा मिटला की मोडून टाकू. बाबा नाही म्हणाले. त्यांनी तिला घालवून दिलं. आपल्या बहिणीला."

"मग?"

"मग मी म्हटलं, करते."

चंद्रावती आता खाली बसली. "का? तू मला पाहिलं पण नव्हतंस."

"तुला नव्हतं पाहिलं. दोडामार्गाच्या माणसाला पाहिलं होतं." गंगाने हाताने समोरच्या डोंगराकडे दाखवलं. "त्या टेकडीपलीकडे दोडामार्ग. माझा साखरपुडा तिकडे झाला होता. दिवाळीनंतर लग्न. सीमा बंद झाली आणि तो तिकडे राहिला, मी इकडे. इथून त्यांच्या देवळाची घंटा ऐकू यायची, वयनी. मला वाटलं, माझं तर तुटलंच. एक जोडपं तरी राहू दे. सतरा वर्षांची होते. सतरा वर्षांच्या पोरीला असलं काहीतरी करायला आवडतं."

"तो माणूस?"

"मुक्ती झाली तोवर त्याला दोन मुलं होती. त्याचं काय चुकलं." तिने एक बी टोपलीत टाकली. "मी काही देवी नव्हे हां. पहिली दहा वर्षं तुला मी रोज शिव्या घातल्यात. बाबा माझ्याशी बोलायचे बंद झाले, ते मरेपर्यंत. बोंडू पायाखाली तुडवताना मी म्हणायचे, ही मांद्र्याची. ही तिची सासू. हा तो दादा."

 वर्षाने विचारलं, "मुक्तीनंतर मोडता आलं असतं ना?"

"दादा त्यासाठीच आला होता. मलाही साखळी गावचा एक जण विचारत होता. विधुर होता, पण चांगला. वकील म्हणाला, मोडायचं तर कोर्टात सगळं सांगावं लागेल. लग्न खोटं, तर सही खोटी, तर पोराचा कागद पण खोटा. मग प्रमोद कोणाचा? कागदावर त्याला आईच राहणार नाही. चार वर्षांचा होता तो तेव्हा." तिने पुढचा बोंडू उचलला. "मी दादाला म्हटलं, राहू दे. त्याला म्हटलं, तुझ्या बायकोला पण सांगू नको. ती पोरीसारखी आहे म्हणतोस, जन्मभर ओझं घेऊन फिरेल."

 नवऱ्याची चोरी पकडायला चंद्रावती आली होती, आणि इथे एका बाईचं अख्खं आयुष्य तिच्या पुढ्यात पडलं होतं, तिच्या नावाने खर्च झालेलं. आपण काय बोललं पाहिजे? क्षमा कर म्हणावं, तर तिने काही केलं नव्हतं. उपकार म्हणावं, तर तो शब्द फारच लहान होता. रागही येत होता, आणि तो कुणावर ते कळत नव्हतं. मेलेल्या नवऱ्यावर, बहुतेक. बत्तीस वर्षं तो तिच्या शेजारी बसून जेवला होता.

शेवटी तिने पुढे सरकून टोपलीतला एक बोंडू उचलला आणि बी पिळून काढायला लागली. दोघी तशाच बसून टोपली संपेपर्यंत काम करत राहिल्या. वर्षा झाडाला टेकून रडत होती. तिच्याकडे दोघींनी लक्ष दिलं नाही.

*

वकिलाने प्रमोदला दोन वाटा सांगितल्या. एक, कोर्टात जाऊन जुनी नोंद खोटी ठरवायची. त्यात वर्षं जातील, आणि त्याच्या जन्माच्या नोंदीचं काय होईल ते कोणी सांगू शकत नाही. दुसरी, कागदावर जी विधवा आहे तिने येऊन आपला हिस्सा मुलांना सोडून द्यायचा.

"ती कशाला येईल?" प्रमोद म्हणाला.

ती आली. मेच्या मधल्या आठवड्यात, धुतलेलं लुगडं नेसून, म्हापशाला. प्रमोद तिला थांब्यावर आणायला गेला होता. तिला ओळखायला त्याला वेळ लागला नाही, कारण बसमधून उतरून ती थेट त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि त्याला आपादमस्तक बघून म्हणाली, "उंच झालास." जणू त्याला लहानपणी पाहिलं होतं.

कचेरीत लिहिणारा अधिकारी तरुण होता. त्याने मान वर न करता विचारायला सुरुवात केली.

"नाव?"

"गंगा बाबाजी परब."

"मयताशी नातं?"

"बायको."

"मुलं किती?"

"दोन. थोरला प्रमोद, धाकटी वर्षा."

चंद्रावती भिंतीकडेच्या बाकावर बसली होती. हे असंच होणार हे तिला ठाऊक होतं, वकिलाने समजावलं होतं, तिने मान डोलावली होती. तरीही आता तिला ते ऐकवेना. प्रमोदच्या वेळी ती दीड दिवस अडली होती. वर्षाच्या वेळी मरता मरता वाचली होती. आणि ही आकुंवार बाई न अडखळता, पाठ केल्यासारखी नव्हे तर रोजच्या बोलण्यातली असल्यासारखी, तिच्या मुलांची नावं सांगत होती. चंद्रावती उठून उभी राहिली. नाही म्हणायला तोंड उघडलं. अधिकाऱ्याने आता मान वर केली.

"ह्या कोण?"

 प्रमोद फरशीकडे बघत होता.

"माझी वयनी," गंगा म्हणाली. "उन्हाची आलीय. बस वयनी, झालंच आता."

चंद्रावती बसली. पंखा गरगरत होता. गंगाने तीन ठिकाणी सही केली, त्याच वळणदार अक्षरात, आणि साक्षीदार म्हणून खाली दोन नावं लागली, त्यांतही चंद्रावतीचं नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर प्रमोदने गंगाला वाकून नमस्कार केला. त्याला काहीतरी द्यायचं होतं, विचारायचं होतं, आणि तो अडखळत म्हणाला, "आते, तुम्हाला काही हवं असेल तर सांगा. भाटातलं काहीही."

"भाट काय करू? माझ्याकडे काजी आहेत." ती चपला घालत होती. "एक सांगते, जमलं तर बघ. माझ्या भावाला मुलगा नाही. मी गेले तर अग्नी देशील? कागद तरी तसंच सांगतो."

 प्रमोदने चेहरा फिरवला. ज्या बाईला कळवू नका, असं तो दोन महिन्यांपूर्वी म्हणाला होता, तिने त्याच्याकडे मागून मागून हे मागितलं होतं.

चंद्रावती तेव्हा पहिल्यांदा गंगाच्या जवळ गेली आणि तिचा हात धरला. "आज घरी चल," ती म्हणाली. "मांद्र्याला. एकदा तरी ये."

*

गंगा तीन दिवस मांद्र्याला राहिली. तिने समुद्र पाहिला, आणि तो तिला फारसा आवडला नाही, आवाज फार करतो म्हणाली. शेजारणी विचारायच्या, ह्या कोण, तर चंद्रावती सांगायची, ह्यांच्या मामाची मुलगी. ते खरंही होतं. दुसऱ्या दिवशी माडाखाली भात पाखडताना गंगाने विचारलं, "तुझं खरं नाव काय गो? मला कोणी सांगितलंच नाही."

"चंद्रावती."

"चंद्रावती," गंगाने म्हणून पाहिलं. बत्तीस वर्षांत सातार्ड्याच्या बाहेर ते नाव कोणी उच्चारलं नव्हतं. चंद्रावतीच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

महिनाअखेरीस गोवा राज्य झालं. रेडिओवर भाषणं झाली, वर्षाच्या शाळेत मुलांना लाडू वाटले. पावसाळ्यानंतर मतदारयादी करणारे घरी आले तेव्हा चंद्रावतीने सांगितलं, माझं नाव चंद्रावती लिहा. ते म्हणाले, ह्या घरात गंगा परब आहे. ती म्हणाली, ती लाटंबार्सेला असते. त्यांनी बराच वेळ डोकं खाजवलं. मग वर्षाने तिला हाताला धरून पाटीवर शिकवलेली सही तिने त्यांच्या कागदावर करून दाखवली. च आणि द्र मध्ये जागा फार सुटली होती, पण वाचता येत होतं. ह्या राज्यात ती पन्नाशीला टेकलेली नवी मतदार म्हणून दाखल झाली.

बाबाजीच्या तसबिरीला तिने पुन्हा फूल घालायला दोन वर्षं लावली. ते का घातलं नाही आणि मग का घातलं, हे तिने कोणाला सांगितलं नाही.

दर काजूच्या हंगामात ती लाटंबार्सेला जाऊन आठ दिवस राहायची. गंगाच्या भावाने पहिल्या वर्षी तिच्याशी बोलणं टाळलं, दुसऱ्या वर्षी तिला बसायला कदेल पुढे सरकवलं. शहाण्णव साली, आषाढात, गंगा तापाने गेली. निरोप पोहोचला तेव्हा प्रमोद दुपारच्या जेवणावरून उठला आणि मिळेल त्या गाडीने गेला. लाटंबार्सेच्या लोकांनी पाहिलं, मांद्र्याहून आलेल्या कोणा परबाने आकुंवार गंगाबायला अग्नी दिला. तो तिचा कोण, हे गावात कोणाला नीट सांगता आलं नाही. पंचायतीत मृत्यूची नोंद करताना त्याला मयताशी नातं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मुलगा."